एमआरआय आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपी: मशीन एकच, प्रश्न वेगळे

मेंदूतल्या गाठीच्या उपचारासाठी ठाण्याहून खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राला) खेपा घालणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘एमआरआय झालाय ना, मग पुन्हा कशाला?’ चिठ्ठीवर ‘एमआर स्पेक्ट्रोस्कोपी’ लिहिलेलं असतं. मशीन तेच, खडखडाटही तोच. तपासणी मात्र वेगळी.

एमआरआय मुख्यतः पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन टिपतो. गाठ कुठे, केवढी, भोवती सूज किती, हे तो साधारण मिलिमीटरच्या बारकाईने दाखवतो.

स्पेक्ट्रोस्कोपी मात्र त्या जागी कोणती रसायनं किती आहेत, हे आलेखावर दाखवते. त्यासाठी पाण्याचा सिग्नल मुद्दाम दाबतात, कारण शोधायची असलेली रसायनं पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी विरळ असतात. प्रत्येक रसायनातला हायड्रोजन किंचित वेगळ्या वारंवारतेचा सिग्नल देतो. 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनमध्ये हायड्रोजनची वारंवारता सुमारे 12.8 कोटी हर्ट्झ. त्यात एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट) आणि कोलीन या मेंदूतल्या दोन रसायनांमधलं अंतर जेमतेम दीडशे हर्ट्झचं. एवढ्याशा फरकावरून रसायनं वेगळी ओळखता येतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. एनएए प्रामुख्याने चेतापेशींत असतं, त्या मेल्या की ते घटतं. पेशी झपाट्याने वाढत असतील तिथे कोलीन चढतं. क्षयाच्या गाठीत बहुधा आलेखावर चरबीचं शिखर उठून दिसतं; आपल्याकडे ही खूण फार कामाची. रेडिएशननंतर दिसलेला नवा डाग म्हणजे परतलेली गाठ की रेडिएशनने झालेली इजा, हे साध्या एमआरआयवर अनेकदा कळत नाही. तिथेही रसायनांचा आलेख मदतीला येतो.

साध्या पद्धतीत एकाच चौकोनी तुकड्याचा आलेख मिळतो. त्रिमितीय पद्धतीत मेंदूच्या मोठ्या भागाचे अनेक तुकडे पाडून प्रत्येकाचा आलेख काढतात आणि त्यांतून रंगीत नकाशा तयार होतो. बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

खरा घोटाळा इथेच होतो. करड्या एमआरआयवर चढवलेला तो रंगीत नकाशा जास्त स्पष्ट वाटतो. प्रत्यक्षात उलट असतं. स्पेक्ट्रोस्कोपीचा एक तुकडा बऱ्याचदा सेंटिमीटरभर बाजूचा असतो. त्यात एक मिलिमीटरचे हजार तुकडे मावतील. मधले गुळगुळीत रंग संगणक भरतो. त्यामुळे लाल रंगाची कड म्हणजे गाठीची कड नव्हे. नुसतं कोलीन वाढलं म्हणून कॅन्सरच, असंही नाही; दाहातही ते वाढतं.

तपासणीला जाताना जुन्या एमआरआयची सीडी जरूर न्या. जुनी शस्त्रक्रिया, क्लिप किंवा धातूची प्लेट असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा: सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच, शिवाय धातूजवळ चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि तिथल्या आलेखावर विसंबता येत नाही.