48 चे 46 कसे झाले: मानवी गुणसूत्रांच्या मोजणीची पार्श्वभूमी

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, म्हणजे 23 जोड्या. शाळेच्या पुस्तकात ही माहिती एका ओळीत येते आणि त्या ओळीशी कोणी थांबत नाही. 1956 च्या आधीचे पुस्तक उघडले तर तिथे तितक्याच ठामपणे 48 लिहिलेले दिसते. डीएनएची दुपेडी रचना 1953 मध्ये उलगडली, तेव्हाही माणसाच्या गुणसूत्रांचा आकडा चुकीचाच शिकवला जात होता. मोजणाऱ्यांना नीट दिसत नव्हते असे नाही. चूक सूक्ष्मदर्शकाच्या खाली होती, काचपट्टीवर पेशी मांडण्याच्या पद्धतीत.

वाल्थर फ्लेमिंग यांनी पेशीविभाजनाचे टप्पे 1882 पर्यंत तपशिलाने मांडले होते आणि 1888 मध्ये वाल्डेयर यांनी या रंग धरणाऱ्या दोऱ्यांना क्रोमोसोम हे नाव दिले. मोजणी करायची तर पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेत सापडायला हवी, कारण एरवी गुणसूत्रे उलगडून केंद्रकात पसरलेली असतात. अशा विभाजित होणाऱ्या पेशी भरपूर मिळण्याची जागा म्हणजे वृषण. म्हणून सुरुवातीच्या बहुतेक मोजण्या वृषणाच्या तुकड्यांवर झाल्या. बेल्जियमच्या हान्स फॉन विनिवार्टर यांना 1912 मध्ये पुरुषात 47 आणि स्त्रीत 48 गुणसूत्रे आढळली. पुरुषात वाय गुणसूत्र नसतेच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही मोजणी कशी चाले ते पाहिले की घोळ लक्षात येतो. ऊतीचा तुकडा रसायनात स्थिर करायचा, मेणात बसवायचा, काही मायक्रोमीटर जाडीचे काप काढायचे आणि रंग द्यायचा. कापाची सुरी गुणसूत्रांना वळसा घालून जात नाही. एखादे लांब गुणसूत्र दोन कापांत विभागले जाते आणि दोन्हीकडे मोजले जाते, तर एखादा तुकडा शेजारच्या कापात निसटतो. त्यातही मध्यावस्थेतली गुणसूत्रे पेशीच्या मधल्या पट्ट्यात एकमेकांवर चढलेली असतात. दोन गुणसूत्रे जवळ आहेत की एकच वाकलेले आहे, हे चित्र काढणाऱ्याने ठरवायचे. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे शुक्रपेशी बनतानाच्या विभाजनात, गुणसूत्रे जोडीजोडीने दिसतात, पण एक्स आणि वाय फक्त टोकाशी सैल जुळलेली असतात. ती सुटी झाली तर उरलेल्या 22 जोड्या आणि ही दोन मिळून 24 गोष्टी दिसतात, आणि 24 ची दुप्पट 48.

थिओफिलस पेंटर यांनी टेक्सासमध्ये याच पद्धतीने काम केले. ऊती शरीराबाहेर काढल्याबरोबर स्थिर केल्यामुळे त्यांचे काप आधीच्यांपेक्षा बरेच चांगले होते. 1921 च्या प्राथमिक टिपणात त्यांनी नोंदवले होते की सर्वांत स्पष्ट पेशींत 46 दिसतात. 46 की 48 हा प्रश्न त्यांनी तेव्हा मोकळा ठेवला होता. 1923 च्या सविस्तर निबंधात मात्र त्यांनी 48 ठरवले. वाय गुणसूत्र असते हे त्यांचे म्हणणे बरोबर निघाले, आणि त्या भक्कम निरीक्षणाच्या आधारावर चुकीचा आकडाही पुढे चालत राहिला.

इथून पुढची 30 वर्षे जरा विचित्र आहेत. ज्याला 46 दिसत तो दोन कुठे हरवली ते शोधत बसे. स्वीडनमध्ये गर्भाच्या यकृताच्या पेशी तपासणाऱ्या एका गटाला वारंवार 46 च मिळत होती. उरलेली दोन सापडेनात म्हणून त्यांनी काम सोडून दिले.

कोंडी फुटली ती दोन युक्त्यांनी. पहिली अपघाताने मिळाली. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे टी. सी. शू वाढवलेल्या मानवी पेशी तपासत होते. एके दिवशी नेहमीच्या गुंत्याऐवजी गुणसूत्रे सुटी, पसरलेली दिसली. पुन्हा तसे होईना. द्रावणाचे एकेक घटक बदलून पाहिल्यावर कारण कळले: पेशी धुण्याचे क्षारद्रावण चुकून जास्त पातळ झाले होते. अशा अवपरासारी द्रावणात परासरणाने पाणी पेशीत शिरते, पेशी फुगते आणि आतली गुणसूत्रे एकमेकांपासून दूर सरकतात. शू यांनी हे 1952 मध्ये प्रसिद्ध केले, पण आकडा 48 च दिला. त्यांच्याकडे त्या वेळची सर्वोत्तम पद्धत होती, आणि डोक्यात जुना आकडाही होता.

दुसरी युक्ती वनस्पतींवर काम करणाऱ्यांकडून आली. कॉल्चिसिन हे द्रव्य गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन मध्यावस्थेतच अडते. कांद्याच्या मुळांवरचा त्याचा परिणाम आल्बर्ट लेव्हान यांनी 1930 च्या दशकातच अभ्यासला होता. त्याचा दुहेरी फायदा होतो: मोजण्याजोग्या पेशींची संख्या वाढते, आणि गुणसूत्रे मधल्या पट्ट्यात न अडकता मोकळी राहतात, शिवाय आखूड होतात.

जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जियो तेव्हा लेव्हान यांच्या स्वीडनमधील लुंड येथील प्रयोगशाळेत काम करायला येत असत. गर्भाच्या फुप्फुसातून वाढवलेल्या पेशींना त्यांनी आधी कॉल्चिसिन दिले, मग अगदी थोडा वेळ अवपरासारी द्रावण, आणि काप न काढता पेशी काचेखाली चिरडून सपाट केल्या. डिसेंबर 1955 मध्ये पेशीमागून पेशी 46 च निघू लागल्या. निबंध 1956 मध्ये हेरेडिटास या नियतकालिकात आला. एकाच ऊतीवरून निर्णय नको, म्हणून शंकेला थोडी जागा होती. त्याच वर्षी चार्ल्स फोर्ड आणि जॉन हॅमर्टन यांनी वृषणाच्या पेशींत 23 जोड्या दाखवल्या आणि वाद मिटला. (चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात मात्र खरोखरच 48 असतात. आपले दुसरे गुणसूत्र पूर्वजांच्या दोन गुणसूत्रांच्या जोडणीतून बनले आहे.)

आकडा पक्का झाल्यावर तीन वर्षांत जे घडले ते आधी शक्यच नव्हते. सामान्य म्हणजे किती हेच ठाऊक नसेल तर एक जास्त कसे ओळखणार? 1959 मध्ये लज्यून, गोतिये आणि त्युर्पें यांनी डाउन सिंड्रोममध्ये 47 गुणसूत्रे दाखवली, जेकब्स आणि स्ट्राँग यांनी पुरुषांतल्या क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये दोन एक्स आणि एक वाय, तर फोर्ड आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांतल्या टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स. 1960 मध्ये डेन्व्हर येथे लांबीच्या उतरत्या क्रमाने गुणसूत्रांना क्रमांक दिले गेले. पुढे कळले की डाउन सिंड्रोममध्ये जास्त असलेले 21 वे गुणसूत्र 22 व्यापेक्षा लहान आहे, पण क्रमांक रुळला होता, तो तसाच ठेवला.

1960 मध्येच रक्तातल्या पेशी वापरण्याची पद्धत आली आणि ऊतीचा तुकडा काढण्याची गरज बरीच कमी झाली. आजही ढाचा तोच आहे. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी विभाजित होत नाहीत. घेवड्याच्या वर्गातील बियांतून मिळणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घातले की होऊ लागतात. 37 अंश सेल्सिअसला सुमारे 72 तास वाढवून शेवटी कॉल्चिसिन किंवा त्याचा सौम्य भाऊ कोल्सेमिड देतात. मग अवपरासारी द्रावण म्हणून 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे 100 मिलिलिटर पाण्यात 0.56 ग्रॅम, 37 अंशांना 15 ते 20 मिनिटे. त्यानंतर पेशी स्थिर करायला मिथेनॉल आणि शुद्ध ॲसिटिक आम्ल 3:1 या प्रमाणात. हे मिश्रण त्याच दिवशी केलेले हवे, कारण ठेवले की मिथेनॉल आणि आम्ल यांच्यात अभिक्रिया होते. शेवटी थेंब काचपट्टीवर सोडायचा.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. कॉल्चिसिन जास्त वेळ राहिले तर गुणसूत्रे इतकी आखडतात की 1971 पासून वापरात असलेल्या ट्रिप्सिन आणि गीम्सा या रंगवण्याच्या पद्धतीत गुणसूत्रांवर उमटणारे पट्टे वाचता येत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडची वेळ कमी पडली तर जुना गुंता परत येतो. जास्त झाली, किंवा थेंब सुकताना पेशी फार ताणली गेली, तर पेशीपटल फाटते आणि एखादे गुणसूत्र बाहेर वाहून जाते. मग पेशी 45 ची दिसते, पण ती व्यक्ती तशी नसते.

म्हणून नेहमीच्या तपासणीत एका पेशीवर विसंबत नाहीत, साधारण 20 पेशी मोजतात. पेशींचा एखादा वेगळा गट आहे असे म्हणण्यासाठी तेच गुणसूत्र जास्त असलेल्या दोन पेशी पुरतात. तेच गुणसूत्र कमी असेल तर मात्र तीन पेशी लागतात, कारण काचपट्टी बनवताना गुणसूत्र हरवणे सोपे आहे, वाढणे तितके सोपे नाही.