टोचणी वेगळी, काळीज वेगळं: हक फिन नेमकं कुणाचं ऐकतो?

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हकलबरी फिन या पोराबद्दल मराठीत काही लिहिलेलं दिसलं की माझी नजर आधी एका वाक्याकडे जाते, आणि ते वाक्य बहुतेक वेळा तिथे असतंच: ‘समाजाचे नियम झुगारून हक आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा कौल मानतो.’ परीक्षेच्या नोट्समध्ये ते असतं, पुस्तकाच्या परिचयात असतं, वर्गात शिकवतानाही ते ऐकू येतं. हे वाक्य नुसतं ढोबळ असतं तर मी सोडून दिलं असतं. ते उलटं आहे. कादंबरीत हकची सदसद्विवेकबुद्धी त्याला सांगते की सोबत पळालेल्या गुलामाला, जिमला, पकडून दे. हक तिचं ऐकत नाही, आणि त्यामुळेच जिम वाचतो.

विवेक विरुद्ध समाज हा सामना आपल्याला नवा नाही, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ ही तुकोबांची ओळ आपल्याला तोंडपाठ आहे. मन साक्षीला उभं आहे, आणि त्याची साक्ष बहुमताच्या विरोधात आहे. अमेरिकेत याच जातकुळीचा माणूस म्हणजे लेखक हेन्री डेव्हिड थोरो. गुलामगिरीला आणि मेक्सिकोवरच्या युद्धाला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून जुलै १८४६ मध्ये त्यानं आपल्या गावच्या, कॉनकॉर्डच्या, तुरुंगात एक रात्र काढली. १८४९ साली त्यावरचा निबंध छापून आला आणि पुढे तो गांधीजींपर्यंत पोहोचला. अशा माणसाची अवस्था आपण ओळखतो: जग एका बाजूला, मन दुसऱ्या बाजूला. बाहेर त्रास होतो, पण आपण बरोबर आहोत ही खात्री आत शाबूत असते.

हकजवळ नेमकी ही खात्रीच नाही. सगळा घोळ इथे होतो.

गोष्ट १८३५ ते १८४५च्या सुमारास मिझुरीत घडते, म्हणजे थोरोच्याच काळात. पण मिझुरी हे गुलामगिरीचं राज्य होतं. जिम हा मिस वॉटसनचा गुलाम. ती आपल्याला आठशे डॉलरला खाली दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सकडे विकणार असं कानावर आल्यावर तो पळतो. हकही दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला असतो. दोघं एका तराफ्यावर मिसिसिपी नदीतून खाली जायला लागतात. ओहायो नदी जिथे येऊन मिळते त्या केरो गावाशी उतरायचं आणि तिथून वर गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जायचं, असा त्यांचा बेत आहे.

केरो जवळ आलं असं वाटू लागतं तसा जिम आनंदानं थरथरतो. त्याला पाहून हकलाही थरथरायला होतं, पण कारण वेगळं असतं. जिम आता सुटणार, आणि याला दोषी कोण? आपण. हे त्याच्या मनाला खायला लागतं. मन त्याला विचारतं: त्या बिचाऱ्या मिस वॉटसननं तुझं काय वाकडं केलं होतं? तिनं तुला वाचायला शिकवलं, वळण लावायचा प्रयत्न केला, आणि तिचा माल तुझ्या डोळ्यांदेखत पळून चाललाय तरी तू गप्प? एवढ्यात जिम मोठ्यानं बेत सांगतो. पैसे साठवून बायकोला विकत घेणार, मग दोघं राबून दोन्ही मुलांना सोडवणार, आणि मालकानं विकायला नकार दिला तर गुलामगिरीच्या विरोधातल्या कुणाला तरी गाठून मुलं चोरून आणणार. हे ऐकून हक हादरतो. बाप स्वतःची मुलं चोरायची भाषा करतोय! ज्या मालकाची ती मुलं, त्याला तर हक ओळखतही नाही, त्यानं हकचं कधी काही बिघडवलेलं नाही.

हा उतारा वाचताना हकच्या जागी तुकोबा किंवा थोरो उभे करून पाहावेत. बसत नाहीत. इथे मनाची साक्ष बहुमताच्या बाजूनं आहे. हकच्या आत जे बोलतंय ते गावच बोलतंय: मिस वॉटसन, चर्च, मालमत्तेचा कायदा. ‘तराफा म्हणजे स्वातंत्र्य आणि काठ म्हणजे समाज’ हे जे ठरलेलं समीकरण लिहिलं जातं, त्यावर माझा राग आहे तो यासाठीच. भर नदीत, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, समाज तराफ्यावर हजर आहे. तो हकच्या मनात बसून आलाय.

हक होडीत बसून जिमला पकडून द्यायला निघतो. निघताना जिम हाक मारून म्हणतो की हक हा त्याचा सगळ्यात चांगला मित्र आहे, आणि दिलेला शब्द पाळणारा एकुलता एक गोरा माणूस आहे. या शब्दांनी हकच्या अंगातला सगळा जोर जातो. तेवढ्यात बंदुका घेतलेले दोघं जण समोर येतात. ते पळालेल्या गुलामांच्या शोधात असतात. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, ते विचारतात. हक खरं बोलायचा प्रयत्न करतो, पण शब्द ओठांवर येत नाहीत. शेवटी ‘गोरा’ म्हणतो. मग बाप आजारी आहे, तराफा ओढायला मदत करा, अशी गयावया करतो. ती अशा बेतानं, की देवी आल्या असाव्यात असं वाटून ते दोघं लांबूनच एका फळीवर वीस-वीस डॉलरची सोन्याची नाणी ठेवून निघून जातात.

या प्रसंगाबद्दल हक स्वतःला काय म्हणतो? आपण शूरपणा केला, माणुसकी दाखवली, यातलं तो काहीही म्हणत नाही. आपल्यात सशाइतकंही धैर्य नव्हतं, म्हणून बरोबर काम जमलं नाही, असं तो सांगतो. तो स्वतःला नापास ठरवतो. लहानपणापासून नीट वळण लागलं नाही की माणूस ऐन वेळी असा ढासळतो, ही त्याची समजूत.

एकतिसाव्या प्रकरणात हेच पुन्हा, जास्त खोलवर घडतं. राजा म्हणवणाऱ्या भामट्यानं जिमला चाळीस डॉलरसाठी विकलेलं असतं. हकला वाटतं, ही देवाची चपराक आहे. रविवारच्या शाळेत गेलो असतो तर तिथे शिकवलं असतं की अशानं माणूस कायमच्या आगीत जातो. तो प्रार्थना करायला गुडघे टेकतो, पण शब्द येत नाहीत, कारण प्रार्थनेत खोटं बोलता येत नाही. मग तो मिस वॉटसनला दोन ओळींची चिठ्ठी लिहितो: तुमचा पळालेला गुलाम इथे आहे, बक्षीस पाठवा म्हणजे तो परत मिळेल. चिठ्ठी लिहून होताच पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. हे वाक्य घाईत वाचू नये. थोरोच्या मनाला जी शांती सरकारला नकार देऊन लाभते, तीच शांती हकला जिमला पकडून द्यायच्या चिठ्ठीनं मिळते.

मग तो चिठ्ठी बाजूला ठेवून विचार करत बसतो आणि प्रवास आठवायला लागतो. चांदण्या रात्री, वादळं, गप्पा, गाणी. हकची झोप मोडू नये म्हणून आपला पहारा संपल्यावर त्याच्या वाट्याचा पहाराही देणारा जिम. धुक्यातून हक परतल्यावर आनंदलेला जिम. या आठवणींत एकही युक्तिवाद नाही. गुलामगिरी वाईट आहे, माणसं समान आहेत, असं हक मनात म्हणत नाही. त्याच्यापुढे फक्त एक माणूस उभा राहतो, आणि त्या माणसाविरुद्ध मन घट्ट करायला त्याला काही सापडत नाही. तो श्वास रोखून चिठ्ठीकडे पाहतो, ‘ठीक आहे, मग मी नरकात जाईन’ म्हणतो आणि चिठ्ठी फाडतो.

हे वाक्य बंडखोराची घोषणा म्हणून भाषणांत वापरलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. हक नरकावर खरोखर विश्वास ठेवणारा मुलगा आहे. आपण पाप करतोय याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. तो सद्विचारानं निर्णय घेत नाही. आपल्या लेखी जे पाप आहे ते तो मित्रासाठी पत्करतो. थोरोनं एक रात्र तुरुंगात काढली, आणि ती काढताना आपण बरोबर आहोत हे त्याला ठाऊक होतं. हक कायमची आग स्वीकारतो, आणि आपण चूक आहोत अशी त्याची खात्री आहे.

‘म्हणजे शेवटी हकला कळतंच की गुलामगिरी चुकीची आहे’ असं म्हणणाऱ्यांनी दोन प्रकरणं पुढे वाचावं. जिमला सोडवायला मदत करतो असं हकचा मित्र टॉम सॉयर म्हणतो, तेव्हा टॉम हकच्या नजरेतून उतरतो. चांगल्या घरातला, चांगल्या वळणाचा मुलगा असलं काम कसं करू शकतो! शेवटी उलगडा होतो की मिस वॉटसननं मरण्यापूर्वी मृत्युपत्रात जिमला मुक्त केलं होतं आणि टॉमला हे आधीपासून माहीत होतं. तेव्हा हकला हायसं वाटतं. इतक्या चांगल्या संस्कारातला टॉम गुलामाला सोडवायला कसा तयार झाला, हे कोडं सुटतं. हकच्या डोक्यातला कायदा शेवटच्या पानापर्यंत तसाच आहे. म्हणून ‘हक समजूतदार होतो, त्याचा विवेक जागा होतो’ हा मोठं होण्याच्या कादंबऱ्यांचा नेहमीचा साचा इथे लावू नये. मधे एका ठिकाणी तो म्हणतोही, की माणसाच्या कॉन्शन्सला काही अक्कल नसते, तुम्ही बरोबर वागा की चूक, ते अंगावर येतंच. आणि इतकंच कळणारा कुत्रा आपल्याकडे असता तर आपण त्याला विष घातलं असतं.

आता मराठी शब्दाबद्दल, कारण आपल्याकडे घोटाळा तिथूनच सुरू होतो. कॉन्शन्सला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. सत् आणि असत् यांत विवेक करणारी बुद्धी. या शब्दातच निकाल देऊन ठेवलाय की ही बुद्धी बरोबर निवडते. मग ‘त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला मित्राला विकायला सांगत होती’ असं वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि लिहिणारा नकळत ते उलटं करून टाकतो. ‘अंतरात्मा’ आणि ‘आतला आवाज’ यांचंही तेच, त्यांना देवत्वाचा वास आहे. हकसाठी मी ‘टोचणी’ हा शब्द वापरतो आणि दुसऱ्यांनीही वापरावा असं मला मनापासून वाटतं. टोचणी लागते, टोचणी मनाला खाते, पण ती खरी की खोटी हे शब्द सांगत नाही. तिच्यासमोर ‘काळीज’ ठेवावं. टोचणी कुठून आली ते कादंबरी सांगते: घरातून, गावातून, चर्चमधून. काळीज कुठून आलं तेही सांगते: जिमच्या पहाऱ्यांतून, त्याच्या हाकेतून. हकचं काळीज जन्मजात शुद्ध होतं आणि समाजानं ते बिघडवलं, अशी भाबडी मांडणीही मला पटत नाही. धुक्याच्या रात्री हकनं जिमची क्रूर चेष्टा केली होती, आणि जिमनं तोंडावर सुनावल्यावर पंधरा मिनिटं स्वतःशी झगडून मग माफी मागितली होती. ते काळीज जिमनं घडवलेलं आहे.

काही जण म्हणतात, मग काळजालाच खरा विवेक म्हणा की, वाद मिटेल. तत्त्वज्ञानात तसं म्हणता येईल. कादंबरी वाचताना म्हणू नये, कारण मग हक आपल्या दृष्टीनं पाप करतोय हेच पुसलं जातं, आणि उरतो तो आणखी एक धीट मुलगा. स्वतः ट्वेननं १८९५ साली आपल्या वहीत या पुस्तकाबद्दल लिहिलंय की निकोप काळीज आणि विद्रूप कॉन्शन्स यांची इथे टक्कर होते आणि कॉन्शन्स हरतं.

टॉम सॉयरचं पुस्तक आधीचं, १८७६चं, आणि हकचं १८८४-८५चं. दोन्हीत माणसं तीच, पण पहिलं मुलांसाठी आहे आणि दुसरं सगळ्यांसाठी. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. मार्च १८८५ मध्ये अमेरिकेतल्या एका गावाच्या ग्रंथालयानं हकचं पुस्तक असभ्य म्हणून काढून टाकलं. ते गाव थोरोचं कॉनकॉर्ड होतं.

वहीत ती नोंद केली त्याच जगभरच्या व्याख्यानदौऱ्यात ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला. हॉटेलच्या खोलीत एक भारतीय नोकर गुडघे टेकून दाराचं काहीतरी काम करत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाला ते पसंत पडलं नाही. काय चुकलं ते न सांगता त्यानं आधी नोकराच्या जबड्यावर फटका मारला. नोकर काही बोलला नाही. ट्वेननं लिहिलंय की पन्नास वर्षांत त्यानं असं पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी तो मिझुरीतल्या बालपणात जाऊन पोहोचला. त्याचे वडील दयाळू गृहस्थ होते, मुलावर त्यांनी दोनदाच हात उगारला, पण घरच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी ते फटके मारत. गुलामाला काय हवं ते सांगायची हीच रीत, आणि जन्मापासून तेच पाहिल्यामुळे ती रीत तेव्हा आपल्याला बरोबर आणि स्वाभाविक वाटायची, हे त्याला आठवलं. मार खाणाऱ्याबद्दल वाईट वाटायचं आणि मारणाऱ्याची लाज वाटायची, हेही आठवलं.