सायकलची सीट : उंची आणि बैठक

सायकलच्या सीटची उंची म्हणजे क्रँक (पायडल जोडलेला दांडा) ज्याभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे, सीटच्या नळीला धरून मोजलेले अंतर. जमिनीपासून सीट किती वर आहे याला इथे महत्त्व नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते.

‘बसल्याजागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ हा हिशेब सातारा-सांगलीकडे घरोघरी ऐकू येतो. मोठ्या काळ्या सायकलवर आडव्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्यांना पडण्याची धास्ती असते, म्हणून सीट खाली राहते. सांगली-मिरज रस्ता सपाट. तिथे हे खपून जाते. साताऱ्यात यवतेश्वर घाट चढायला घेतला की खपत नाही. सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या कास पठारापर्यंत पंचवीसेक किलोमीटरच्या वाटेवर गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येत राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायची सवय लावली, तर सीट खाली ठेवायचे कारणच उरत नाही.

उंची ठरवायची सर्वांत सोपी रीत टाचेची. भिंतीला हात टेकवून सीटवर सरळ बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली आणावे. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर एका बाजूला कलू नये. मग पायाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघ्याला आपोआप थोडा वाक येतो. खालच्या टोकाला हा वाक साधारण २५ ते ३५ अंश असावा, असे मानतात.

आकड्यांची रीत हवी असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणारे ग्रेग लेमाँ आणि त्यांचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे रूढ झालेल्या सूत्रात या मापाला ०.८८३ ने गुणून सीटची उंची काढतात. हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत याच मापाचे १०९ टक्के घेतात, पण ते अंतर सीटपासून खाली आलेल्या पायडलपर्यंतचे असते. माप ७६ सें.मी. असेल तर पहिल्या सूत्राने सीट ६७ सें.मी.वर येते. दुसऱ्याने, १७ सें.मी.चा क्रँक वजा केल्यावर, ६६ च्या आसपास. सेंटिमीटरभराचा हा फरक घाटात पायाला स्पष्ट कळतो, म्हणून सूत्राने फक्त सुरुवात करावी. पुढचा निवाडा शरीरच देते: गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या लवणीत दुखला किंवा कंबर डावी-उजवीकडे झुलत असली तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच बदलावे आणि काही दिवस चालवून पाहावे.

सीट तिच्याखालच्या रुळांवर मागे सरकवली की पाय आणखी लांबवावा लागतो. म्हणजे उंचीच वाढल्यासारखे होते. त्यामुळे दोन्ही बदल एकदम करू नयेत. क्रँक आडवा असताना पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसावरून जावा, हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरेसा आहे. सीट सपाट ठेवावी. सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर असेल तर जांघेत मुंग्या येतात, फार खाली असेल तर अंग पुढे घसरून सारा भार तळहातांवर पडतो.

रुंदी निवडताना बुडाच्या दोन बैठकीच्या हाडांमधले अंतर पाहावे. नरम पुठ्ठ्यावर बसून उठले की त्यांचे ठसे दिसतात. मऊ जेलच्या कव्हरने आराम मिळेलच असे नाही: लांब पल्ल्यावर हाडे त्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब वाढतो.

सीटच्या दांडीवर किमान किती भाग नळीत असावा याची खूण असते. ती बाहेर दिसली तर दांडी आणखी वर ओढू नये. लांब दांडी घ्यावी. साताऱ्याच्या पावसाळ्यात लोखंडी दांडी नळीत गंजून घट्ट बसते, म्हणून जूनपूर्वी ती काढून पुसावी आणि ग्रीस लावून परत बसवावी. काढण्याआधी उंचीची खूण चिकटपट्टीने करून ठेवावी.