टॉन्सिलमागचा पू नुसत्या गोळ्यांनी का जिरत नाही?

'घशात पू झालाय, काढावा लागेल,' असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचं ठरलेलं उत्तर असतं: त्यापेक्षा जरा पॉवरचं अँटिबायोटिक द्या ना! सुईची भीती समजू शकते. पण औषध जोरदार असलं की पू आपोआप जिरेल, ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची, हा मला या आजारातला सर्वांत रंजक भाग वाटतो.

टॉन्सिलवर एक पातळ आवरण असतं आणि त्याच्या बाहेर घशाचा स्नायू. या दोहोंमधल्या फटीत, बहुधा टॉन्सिलच्या वरच्या टोकाशी, पू साठला की त्याला पेरिटॉन्सिलर अ‍ॅब्सेस म्हणतात. तो जास्त करून तरुणांना होतो. घसा एकाच बाजूला दुखतो, त्याच बाजूच्या कानात ठणका लागतो. जबड्याच्या स्नायूपर्यंत दाह पोचल्यामुळे तोंड नीट उघडत नाही, थुंकी गिळवत नाही, आणि आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतो. टॉर्च मारून पाहिलं तर एका बाजूचा टाळू फुगलेला आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला सरकलेली दिसते.

इथेच 'पडजीभ पडली' म्हणत बोटाला मीठ-मिरपूड लावून ती वर चढवणारे भेटतात. पडजीभ पडलेली नसते, पुवाने ढकललेली असते. दाबादाबीत गळू फुटून पू श्वासनलिकेत गेला, तर जिवावर बेतू शकतं. हा प्रकार कुणालाही करू देऊ नका.

आता औषधाकडे वळू. अँटिबायोटिक रक्तातून येतं, आणि गळवाच्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात. जंतू पसरू नयेत म्हणून शरीरानेच भोवती भिंत घातलेली असते. औषधाला त्या भिंतीतून झिरपत आत जावं लागतं. समजा, ते पुरेसं पोचलंही. पेनिसिलिनच्या गटातली औषधं जंतू वाढताना स्वतःभोवती जी पेशीभित्तिका बांधतो, ते बांधकाम बिघडवतात. कोंडलेल्या पुवात अन्न आणि प्राणवायू संपत आलेले असतात, त्यामुळे जंतूंची वाढ मंदावते. बांधकामच बंद असेल तर बिघडवायचं काय? शिवाय तिथे जंतूंची प्रचंड गर्दी असते, आणि त्यातले काही बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. ते पेनिसिलिन मोडून टाकतं आणि शेजारच्या जंतूंनाही वाचवतं. जेंटामायसिनसारख्या औषधांची तऱ्हा आणखी वेगळी. जंतूच्या पेशीत शिरायलाच त्यांना प्राणवायूची मदत लागते, आणि आम्लधर्मी पुवात त्यांचा जोर ओसरतो. आपल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतू मारणारी काही रसायनं प्राणवायूपासूनच बनवतात, म्हणजे त्याही तिथे अर्धवट निःशस्त्र.

पू बाहेर काढला की दाब उतरतो, भोवतालचा रक्तपुरवठा सुधारतो, आणि उरलेल्या जंतूंवर तेच साधं औषध काम करू लागतं.

मग पू काढायचा कसा? सुईने ओढताना घसा बधिर करतात. सुईचं प्लॅस्टिकचं टोपण टोकाकडून कापून पुन्हा सुईवर चढवतात, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर सुई उघडी राहते. कारण मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर असते. दुसरा मार्ग चीर देण्याचा. त्यात वाट मोकळी राहते, पण दुखतं जास्त. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात ११ अभ्यास आणि ६७४ रुग्ण होते. सुईनंतर पू पुन्हा साठण्याचं प्रमाण जास्त दिसलं, मात्र पुराव्याचा दर्जा अगदी कमी होता. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलेला आहे, ती पद्धत निवडावी असं माझं मत आहे. टॉन्सिलच काढून टाकणं हा तिसरा पर्याय. ज्यांना हा त्रास पुन्हा होतो किंवा टॉन्सिल वारंवार सुजतात, त्यांच्यासाठी त्याचा विचार होतो.

नुसत्या औषधांवर भागतं का? कधी कधी, हो. नुसती सूज असेल, पू धरलेला नसेल किंवा अगदी थोडा असेल, तर शिरेतून अँटिबायोटिक देऊन एखादा दिवस लक्ष ठेवतात. उतार नसेल तर सुई. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, दोघांनाही सुश्रुतसंहितेने दोष दिला आहे, तो याच भेदासाठी.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांबद्दल मात्र मला काळजी वाटते. या पुवात स्ट्रेप्टोकॉकसबरोबर फ्युजोबॅक्टेरियम नावाचा, प्राणवायूविना जगणारा जंतू बरेचदा असतो, आणि तो या औषधाला सहसा दाद देत नाही. क्वचित तो मानेच्या शिरेत शिरतो, तिथे गुठळी होते आणि संसर्ग फुफ्फुसांपर्यंत जातो. म्हणून डॉक्टर पेनिसिलिनसोबत अशा प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंवरचं मेट्रोनिडाझोल, किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट देतात. त्यातलं क्लॅव्ह्युलनेट वर सांगितलेलं विकरच निकामी करतं.

श्वास घेताना आवाज येत असेल, मान वळत नसेल किंवा स्वतःची लाळही गिळवत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं.