फंड कापतात का?

लालबाग-परळच्या चाळीत पोराला कुठे काम लागलं की पगाराच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “फंड कापतात का?” फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी, पीएफ. तो कापत असतील तर ती नोकरी, नाहीतर नुसतं काम. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी पाच घरं करतात. मुलाला नोकरी लागल्याचं सांगताना त्यांनीही आधी फंडाचंच सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या कामाला फंड नाही. असं का, हे शोधायला लागलं की शंभर वर्षं मागे जावं लागतं.

1923 साली इंग्रज सरकारने कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. साचा ब्रिटनच्या 1897 च्या कायद्याचा. कामावर अपघात झाला तर मालकाची चूक असो-नसो, भरपाई त्याने द्यायची. तत्त्व चांगलंच होतं. पण त्यासाठी आधी मालक दाखवता यायला हवा, मस्टरवर नाव हवं. मालकाच्या धंद्याबाहेरच्या किरकोळ कामाला तात्पुरता लावलेला माणूस व्याख्येतूनच बाहेर राहिला.

म्हातारपणाचं काय? 1931 साली आलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालाने म्हटलं की गिरणी कामगार शहराच्या ओढीने येत नाही, गरिबी त्याला इकडे ढकलते. गावाशी असलेला त्याचा धागा ही जमेची बाजू आहे, तो टिकवावा. निरीक्षण खोटं नव्हतं. गणपती-शिमग्याला कोकणात पळणारी मुंबई आजही तेच सांगते. पण त्यामुळे म्हातारपण परस्पर गावाच्या खात्यावर टाकता आलं. अशा कामगाराला निघताना एकरकमी पैसे देणारा फंड सोयीचा.

फंड आणि पेन्शन यांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, एका खात्यातले दोन कामगार 58 व्या वर्षी सारखीच रक्कम घेऊन निघाले. एक 62 व्या वर्षी गेला, त्याची शिल्लक घरच्यांना मिळाली. दुसरा 88 वर्षं जगला. त्याचे पैसे सत्तरीतच संपले. फंड म्हणजे ज्याची त्याची बचत, त्यामुळे जास्त जगण्याची जोखीम एकट्याच्या डोक्यावर. विम्यावर चालणाऱ्या पेन्शनमध्ये सगळ्यांची वर्गणी एकत्र होते. लवकर गेलेल्याची न वापरली गेलेली वर्गणी उशिरापर्यंत जगणाऱ्याच्या कामी येते. फंड चालवायला सोपा, सरकारच्या तिजोरीला झळ नाही. म्हणून इंग्रजांच्या जुन्या वसाहतींत तो ठिकठिकाणी दिसतो: मलाया 1951, सिंगापूर 1955, स्वातंत्र्यानंतर घाना आणि केनिया 1965. फ्रेंच आफ्रिकेत वेगळी वाट पडली. तिथे 1952 च्या कामगार संहितेनंतर फ्रान्ससारखाच मुलांमागे कुटुंबभत्ता सुरू झाला, तोही पगारी कामगारालाच.

सगळं खापर इंग्रजांवर फोडणं मला पटत नाही. भविष्य निर्वाह निधीचा 1952 चा कायदा आपलाच. सहा उद्योग आणि किमान 50 कामगार अशी त्याची सुरुवात. 1960 मध्ये आकडा 20 वर आला. पण एकदा वाट पडली की तिच्यावर कचेऱ्या, नियम, हितसंबंध उभे राहतात आणि पुढचा प्रत्येक बदल त्याच वाटेने जातो. अभ्यासक याला ‘पाथ डिपेंडन्स’ म्हणतात. घानाने 1991 मध्ये फंडाचं पेन्शनमध्ये रूपांतर केलं. आपण 1995 मध्ये फंडाला पेन्शन जोडली. 2014 पासून तिची किमान रक्कम महिना 1000 रुपये आहे. गिरण्या बंद पडल्या, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, आणि तिथल्या कितीतरी शेडमध्ये वीसचा आकडाच भरत नाही.

मस्टरबाहेरच्यांसाठी दुसरी खिडकी होती ती दुष्काळी कामांची. 1876-78 च्या दुष्काळानंतर नियम ठरले: खडी फोडा, मोजून काम करा, जगण्यापुरती मजुरी घ्या. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने त्याच कामाला हक्काचं रूप दिलं. रोजगार हमीचा कायदा 1977 चा; देशाने ती कल्पना 2005 मध्ये घेतली.

मला जास्त मोलाचा वाटतो तो माथाडी कायदा. मशीद बंदरला गोणी वाहणारा हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलतो. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून 1969 चा कायदा आला आणि त्याने हा प्रश्नच बाजूला सारला. व्यापाऱ्याने कायद्याने नेमलेल्या माथाडी बोर्डाकडे मजुरी भरायची, वर लेव्ही, म्हणजे फंड-ग्रॅच्युइटीसारख्या खर्चासाठी मजुरीवर ठरलेली टक्केवारी, भरायची. टोळीतल्या हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना बोर्डाकडून. एक मालक नसला तरी फंड कापता येतो, हे मुंबईच्या बाजारात पन्नासहून जास्त वर्षं सिद्ध झालेलं आहे.

घरकामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. पण व्यापाऱ्यावर बसते तशी लेव्ही मावशींच्या पाच घरांवर बसलेली नाही. त्या पाचांतलं एक घर माझं आहे.