राग ओरडून बाहेर काढला की डोकं शांत होतं?

‘राग कोंडू नका, ओरडा, उशीवर बुक्क्या मारा, वाफ गेली की नीट विचार सुचतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. तो पटतो, कारण ओरडल्यावर क्षणभर मोकळं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. पण राग म्हणजे कुकरातली वाफ नव्हे.

राग आला की शरीरात तणावाचं संप्रेरक अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, नाडी धावते, जबडा आवळतो. आदळआपट केली की शरीराची ही तयारी ओसरत नाही, उलट तोच प्रसंग मनात पुन्हा उगाळला जातो. प्रयोगांत दिसलंय की असा राग काढणारे, नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले राहतात.

घरीच पडताळा. मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, चारानं गुणा. स्वस्थ बसलेल्या प्रौढाची नाडी साधारण 60 ते 100 असते. भांडणानंतर मोजा, मग पाच मिनिटं श्वास सावकाश सोडत बसा आणि परत मोजा.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात एकदा उधारीवरून भावाशी जोरात वाजलं. ‘वाटणी करू’ असा मेसेज टाईप करून मी रंकाळा तलावावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं तो पुसला आणि फोन केला, “दादा, मला राग आलाय, पण आधी वही बघू.” राग गिळला नाही, सांगितला, आवाज मात्र खाली होता. वहीत दोन नोंदी राहिलेल्या निघाल्या.