पैसे भरूनही सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन रद्द झालं? पुन्हा सुरू करून घेण्याची रीत

इंदूरच्या सियागंजातली घाऊक पेढी असो, एम.टी. क्लॉथ मार्केटचं दुकान असो की रामबागेत घरातूनच चालणारं हिशेबाचं काम, बिलिंग आता सॉफ्टवेअरवरच होतं. खात्यातून पैसे गेलेले असतात, बँकेचा मेसेजही असतो आणि तरी एका सकाळी पडद्यावर ‘सबस्क्रिप्शन रद्द’ असं येतं. घाईत बहुतेक जण तिथल्या तिथे पुन्हा पैसे भरतात. ते करू नका. दुसरी रक्कम गेली की दोन पावत्या, दोन खाती आणि परताव्याचा वेगळा खटाटोप मागे लागतो, आणि पहिली रक्कम कुठे गेली हे शोधायची समोरच्याला घाई राहत नाही.

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायच्या फंदातही पडू नका. आत शिरता येत असेल तर आधी बॅकअप घ्या. खातेवही, पक्की बिलं, ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

पैसे नेमके कुठे आहेत?

अर्ज कुणाकडे करायचा हे यावरच ठरतं, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

खात्यातून रक्कम कापली गेली पण कंपनीच्या पेमेंट गेटवेपर्यंत (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रणेपर्यंत) पोहोचलीच नाही, असं असेल तर प्रश्न बँकेचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयनं दुकानदाराला किंवा कार्डानं ऑनलाइन केलेलं पेमेंट असं अडकलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून स्टेटमेंटमध्ये फक्त वजा झालेली ओळ बघून थांबू नका, पुढच्या आठवड्याच्या नोंदीही वाचा. रक्कम परत जमा झालेली दिसली तर कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही पैसे भरलेलेच नाहीत, आणि मग नव्यानं भरण्याला पर्याय नाही.

ऑटो-पेचा घोटाळा वेगळा. ‘ऑटो-पे चालू आहे’ म्हणून मालक निर्धास्त असतो, पण १५,००० रुपयांवरची रक्कम सॉफ्टवेअरसाठी ओटीपीशिवाय आपोआप कापता येत नाही. कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. ती मुनीमजींच्या जुन्या मोबाइलवर गेली की गाडी अडलीच. गेल्या वर्षीची पावती दाखवून यंदाचे पैसे भरल्याचं सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

खरी गुंतागुंत असते ती पैसे कंपनीकडे पोहोचूनही तुमच्या नावावर न चढण्यात. एनईएफटी करताना इनव्हॉइस नंबर लिहिलेला नसतो. खातं पेढीच्या नावावर आणि पैसे मालकाच्या बचत खात्यातून गेलेले असतात. एकाच दुकानाची दोन ईमेलवर दोन खाती असतात आणि पैसे भलत्यावर जमा होतात. टीडीएस तर फारच फसवा. ६०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून बिल ७०,८०० चं. सीएंनी १० टक्के टीडीएस कापायला सांगितला म्हणून तुम्ही ६४,८०० पाठवले. तुमचा हिशेब चोख, पण कंपनीच्या यंत्रणेला ६,००० रुपये कमी दिसतात आणि ती बिल थकीत धरते.

आपल्याकडे बरंचसं सॉफ्टवेअर स्थानिक डीलरमार्फत घेतलं जातं. पैसे डीलरला दिले असतील तर कंपनीला नव्हे, आधी त्याला विचारा: माझ्या नावानं कंपनीकडे ऑर्डर कधी टाकली आणि तिचा नंबर काय? ‘झालंय, होऊन जाईल’ हे उत्तर व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घ्या.

अर्ज कोण करू शकतो?

खात्याचा अ‍ॅडमिन किंवा बिलिंगसाठी नोंदवलेली व्यक्ती. अर्ज शक्यतो नोंदवलेल्या ईमेलवरूनच जावा, नाहीतर ‘खातेदारानंच संपर्क साधावा’ असं ठरावीक उत्तर येतं. ते ईमेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचं असेल तर पेढीच्या लेटरहेडवर मालकाच्या किंवा भागीदाराच्या सहीचं अधिकारपत्र द्या, सोबत जीएसटी प्रमाणपत्र आणि गुमाश्ता किंवा उद्यम नोंदणी जोडा.

दुसरी अट वेळेची. रद्द झालेल्या खात्यातला डेटा कंपन्या ठरावीक काळच ठेवतात आणि तो काळ प्रत्येकीचा वेगळा असतो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये डेटा राखून ठेवण्याची मागणी करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे मेलमध्ये लिहायला हरकत नाही. टॅलीसारख्या कायमच्या लायसन्सचं गणित निराळं: तिथे टीएसएसची (अपडेट आणि ऑनलाइन सेवांसाठीच्या वर्गणीची) मुदत संपली तरी मूळ सॉफ्टवेअर चालत राहतं, अपडेट आणि ऑनलाइन जोडलेल्या सेवा थांबतात. तेव्हा नेमकं काय बंद पडलंय ते पाहूनच तक्रार लिहा.

कागदपत्रं

हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट हा सर्वांत कच्चा पुरावा. त्याऐवजी हे जोडा:

- बँक स्टेटमेंटचं मूळ पीडीएफ, व्यवहाराच्या तारखेपासून आजपर्यंतचं
- व्यवहार क्रमांक: यूपीआयचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा यूटीआर
- टॅक्स इनव्हॉइस (प्रोफॉर्मा म्हणजे नुसती मागणी, पैसे मिळाल्याची पावती नव्हे)
- खात्याचा आयडी किंवा लायसन्स नंबर आणि रद्द झाल्याच्या सूचनेची तारखेसह प्रत
- टीडीएस कापला असल्यास चलन. टीडीएसचं प्रमाणपत्र तिमाहीनंतर येतं, त्याची वाट बघत बसू नका
- पैसे मालकाच्या खात्यातून गेले असल्यास मालक आणि पेढी यांचं नातं दाखवणारा कागद

एक पुरावा सहसा कुणाला सुचत नाही, तो म्हणजे तुमचा जीएसटीआर-२बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचा जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारा तक्ता. विकणारी कंपनी भारतात नोंदणीकृत असेल आणि तिचं बिल तुमच्या २बी मध्ये उतरलेलं असेल, तर ही विक्री तुम्हाला केल्याचं तिनं स्वतःच सरकारला कळवलेलं आहे. मग ‘तुमच्या नावावर बिलच दिसत नाही’ असं तिला म्हणता येत नाही. मात्र त्यातून पैसे पोहोचल्याचं सिद्ध होत नाही, त्यासाठी स्टेटमेंट लागणारच. बिलावरचा तुमचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा आणि इंदूरच्या नोंदणीसाठी २३ नं सुरू होणारा आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

ओटीपी, सीव्हीव्ही, पूर्ण कार्ड नंबर, पासवर्ड यांतलं काहीही कुणालाही देऊ नका. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. सॉफ्टवेअरच्या आतल्या ‘मदत’ विभागातून किंवा इनव्हॉइसवरच्या पत्त्यावरच संपर्क करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

अर्जात काय लिहायचं

राग सगळा बाजूला ठेवून एवढंच:

‘आमच्या पेढीचं खातं (आयडी …) दि. … रोजी रद्द करण्यात आलं. इनव्हॉइस क्र. … ची रक्कम रु. … आम्ही दि. … रोजी भरली असून यूटीआर … आहे. ही रक्कम आम्हाला परत आलेली नाही. स्टेटमेंट सोबत जोडलं आहे. कृपया ही रक्कम वरील खात्यावर जमा धरून तेच सबस्क्रिप्शन पूर्ववत करावं, बंद राहिलेले दिवस मुदतीत वाढवून द्यावेत आणि तोवर आमचा डेटा पुसू नये. तक्रार क्रमांक कळवावा.’

‘पैसे परत करा किंवा सुरू करा’ असं मोघम लिहिलं तर कंपनी तिला सोपं पडेल ते करील; परतावा आला आणि जुनं खातं गेलं, तर तुमच्या हाती काय? बाहेरगावच्या कंपनीला हाच मजकूर इंग्रजीत पाठवा, लवकर हलतो.

दरम्यान कामकाज थांबवायची गरज नाही. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल सरकारी पोर्टलवर थेट काढता येतं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख सॉफ्टवेअर बंद आहे म्हणून पुढे सरकत नाही.

कंपनी दाद देत नसेल तर

तक्रार क्रमांक देऊन कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार निवारण अधिकाऱ्याला) लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पण इथे एक मेख आहे. ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूनं घेतलेल्या सेवेला लागू होत नाही. फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा याला अपवाद आहे. एकट्यानं हिशेबाचं काम करणारा माणूस १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. वीस माणसांच्या पेढीला मात्र वकिलाची नोटीस आणि करारातलं तंट्यांचं कलम हाच रस्ता उरतो.

चूक बँकेची असेल तर आधी बँकेत लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून विनाशुल्क जाता येतं. कार्डाचं पेमेंट ‘वादग्रस्त’ म्हणून बँकेकडून परत ओढायचा मार्ग मी शेवटी ठेवीन, कारण त्यानंतर कंपनी बहुधा खातं गोठवते आणि डेटा आतच राहतो.

सबस्क्रिप्शन पुन्हा सुरू झालं की लगेच बिलं फाडायला बसू नका. युजरची संख्या, योजनेची नवी अंतिम तारीख आणि बिलांचा अनुक्रम जुळतो का ते आधी तपासा. मधल्या दिवसांत पोर्टलवर काढलेली बिलं त्याच क्रमांकानं आत चढवा, आणि दोनदा पैसे गेले असतील तर क्रेडिट नोट की परतावा, हे लेखी मागून घ्या.